लिंबूटिंबूचा झेल

माझा नवरा मला बॉल टाकत नव्हता. एवढीच माझी तक्रार होती. पण ती मी दर रविवारी सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या समुद्राकाठच्या मैदानापासून आमच्या फ्लॅटच्या दारापर्यंत, लिफ्टमध्ये माणसं असली तरी, चांगल्या खणखणीत आवाजात करत असे. लिफ्टमधल्या कुणाला मराठी कळत नव्हतं. पण भांडण कळायला भाषा कशाला लागते? शेजारच्या चिनी आजी माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि नवऱ्याकडे बघून च्च् च्च् करायच्या. त्याची बाहेर काहीतरी भानगड आहे, असा त्यांचा पक्का समज झाला होता. मी तो मुद्दाम दूर केला नाही.

आता बॉल कुठला, ते सांगते. दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. नवरा आंग मो किओला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि मी शहरात एका बँकेत अकाउंट्स बघत होते. नवऱ्याच्या डिपार्टमेंटला टेक्सासहून नवे साहेब आले. आमच्या घरी माणसाला आडनाव नसेल तर चैन पडत नाही, म्हणून आम्ही त्यांचं टेक्सासकर करून टाकलं. या टेक्सासकरांना पहिल्याच महिन्यात वाटलं, की आपल्या डिपार्टमेंटची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसती ईमेल पाठवतात. त्यावर त्यांनी उपाय काढला तो अमेरिकन फुटबॉलचा. दर रविवारी सकाळी इंजिनिअर विरुद्ध टेस्टिंगवाले.

फुटबॉल म्हणायचं आणि पाय लावायचाच नाही, असा तो खेळ. बॉलसुद्धा गोल नाही. छोट्या पपईएवढा आणि दोन्हीकडून टोकदार. एकाने मागे उभं राहून तो फेकायचा, बाकीच्यांनी पुढे पळत जाऊन झेलायचा आणि समोरची रेघ ओलांडायची. झेलणाऱ्याला म्हणायचं रिसीव्हर. टीव्हीवर ते लोक एकमेकांवर रेड्यासारखे आदळतात, तसं आमच्याकडे नव्हतं. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि त्याला दोन कापडी फिती. ज्याच्याकडे बॉल, त्याची फीत ओढली की डाव तिथे थांबला.

माझा नवरा पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये स्लिपला उभा राहायचा आणि त्याच्या हातून झेल म्हणून कधी सुटला नाही, असं तो लग्न ठरल्यापासून सांगत आला आहे. ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय ते त्याच्या हातून दुधाची पिशवी, मुलीचं दप्तर आणि एकदा भातासकट कुकर सुटलेला. पण टेक्सासकरांना हे कोण सांगणार? त्यांनी क्रिकेटर म्हटल्यावर त्याला पहिल्या रविवारी रिसीव्हर केलं. मी आणि आमची तिसरीतली मुलगी सुरूच्या झाडाखाली चटई टाकून बसलो होतो. थर्मासमध्ये चहा होता, डब्यात थालीपीठं होती आणि समोर घरचाच माणूस. करमणुकीला आणखी काय पाहिजे?

पहिले तीन-चार बॉल त्याच्या हाताला लागून पडले. कारण स्पष्ट होतं. बॉल हातात यायच्या आधीच हा रेघेकडे बघून पळायला लागायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आपल्या लोकांनी याला बघूनच केली असणार. मग एकदाचा एक बॉल त्याने झेलला. खरंच सुंदर झेलला, उगाच नाही म्हणणार नाही. डावीकडे झेप घेऊन, जमिनीपासून वितीवर. आणि झेलल्याबरोबर आपला हा वीर उठला, ‘आऊट!’ म्हणून ओरडला आणि त्याने बॉल आभाळात उंच उडवला.

झेल घेतला की चेंडू उडवायचा, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. मूल पालथं पडतं, रांगतं, चालतं, तसं ते ओघानेच येतं. पण या खेळात झेल घेतल्यावर कुणी आऊट होत नाही. खेळ तिथून पुढे सुरू होतो. टेक्सासकरांच्या नियमाप्रमाणे बॉल जमिनीला लागेपर्यंत जिवंत. टेस्टिंगवाल्यांमध्ये एक उंच पोरगेलासा चिनी टेस्टर होता, बुकित पंजांगला राहायचा, सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाहून भल्या सकाळी यायचा. त्याने नुसता हात वर केला, फांदीवरचा आंबा काढावा तसा तो बॉल काढला आणि शांतपणे पळत जाऊन आमची रेघ ओलांडली. नवरा अजून दोन्ही हात वर करून उभाच होता, टाळ्यांची वाट बघत.

“बाबा सो मालू लाह,” आमची मुलगी चटईवर तोंड लपवून म्हणाली. म्हणजे बाबांनी लाज आणली. मी हसून हसून आडवी झाले होते.

दुसऱ्या रविवारपासून टेक्सासकरांनी त्याला मागे उभं केलं आणि फेकायचं काम दिलं. ज्याच्या हातात बॉल टिकत नाही त्याला तो फेकायलाच द्यावा, यात मला तरी काही चूक वाटली नाही. फेकायचा मात्र तो छान. घरी मी पुढचे कित्येक महिने डब्याचं झाकण, लिंबू, टीव्हीचा रिमोट, जे हाताला येईल ते वर उडवून ‘आऊट!’ म्हणायचे. तो पेपरमागून म्हणायचा, “झालं? पोट भरलं?” मी म्हणायचे, “नाही.”

देव हे सगळं बघत असतो म्हणतात. टेक्सासकरांच्या मॅडम एकदा मैदानावर आल्या आणि म्हणाल्या, इथे सगळे पुरुषच कसे? झालं. पुढच्या रविवारपासून प्रत्येक टीममध्ये एक तरी बाई मैदानात पाहिजे, असा नियम झाला. नवऱ्याच्या टीममध्ये दोन बायका होत्या. एक बाळंतपणाच्या रजेवर होती आणि दुसरी शहाणी होती. तेव्हा नवऱ्याने चटईवरून मला उठवलं.

“काही करायचं नाही,” तो म्हणाला. “नियमापुरती. तू आपली त्या टोकाला उभी राहा. डाव सुरू झाला की थोडं पळाल्यासारखं कर.”

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. लहानपणी आमच्या कॉलनीत माझे दोन भाऊ आणि त्यांचे मित्र क्रिकेट खेळायचे. मी हट्ट करून रडले की आई खिडकीतून ओरडायची, “तिलाही घ्या रे!” मग मोठा भाऊ सगळ्यांना सांगायचा, “ही लिंबूटिंबू.” म्हणजे ही खेळात आहे आणि नाहीही. हिला आऊट केलं तरी आऊट नाही, हिचे रन धरायचे नाहीत, गटारात गेलेला चेंडू मात्र हिनेच आणायचा. मला त्या वेळी वाटायचं लिंबूटिंबू ही फार मोठी पदवी आहे. मी शाळेत मैत्रिणींना अभिमानाने सांगितलंसुद्धा होतं. त्या ज्या हसल्या! त्या दिवशी अर्थ कळला, आणि मी घरी येऊन भावाची बॅट पाण्याच्या टाकीत टाकली. आणि आता चाळिशीला टेकलेली, एक मूल असलेली, बँकेत पाच माणसांना धाकात ठेवणारी मी, परदेशात येऊन पुन्हा लिंबूटिंबू! तेही कुणाची, तर नवऱ्याची!

बरं म्हटलं. पट्टा बांधला. पण पळाल्यासारखं करणं माझ्या रक्तात नाही. मी सरळ टेक्सासकरांपुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “रिसीव्हर चांगला होतो तो कशाने?”

त्या माणसाला इथे आल्यापासून कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नसावा. त्यांचा चेहराच उजळला. त्या दिवशी खेळ संपल्यावर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, त्यांचा रोटी पराठा गार झाला, पण ते बोलतच होते. बॉल डोळ्यांनी पकडायचा असतो, म्हणाले. हात नुसते ठेवून घेतात. बॉल फिरत येतो, त्याचं टोक बघत राहायचं, अगदी हातात येऊन विसावेपर्यंत. मध्येच मान वळवून कुठे पळायचं ते बघायचं नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आमच्याकडे आज्या सांगतात, मी म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या आज्यांना कोच करायला हवं होतं.

मग हात. बॉल छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या जवळ आणून मध्ये खिडकी करायची. मी करून बघितली. ती तंतोतंत शंकरपाळ्याच्या आकाराची होते. खाली आला तर करंगळ्या जुळवायच्या, प्रसादाला ओंजळ करतो तशा. आणि झेलताना आवाज येता कामा नये. फाट्‌ असा आवाज आला, म्हणजे हात कडक होते. हात बॉलबरोबर थोडे मागे न्यायचे, पोरगं धावत येऊन अंगावर पडलं तर आपण घेतो तसं. घेतला की लगेच काखेत दाबायचा आणि मग पळायचं. काखेत कळसा ठेवायची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, पुढे गावाला वळसा घालायचा नाही एवढंच लक्षात ठेवायचं, असं मी मनात म्हटलं. हे इंग्रजीत कसं सांगणार?

शेवटी त्यांनी जे सांगितलं ते मात्र मला लागलं. ते म्हणाले, बॉल आला की झेलणारे पुष्कळ असतात. थोर रिसीव्हर तो, जो बॉल आपल्याकडे येणार नाही हे माहीत असूनसुद्धा प्रत्येक वेळी येणारच म्हणून जिवाच्या आकांताने पळतो. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कोपीत, म्हणजे तिथल्या कॉफीत, साखर ढवळण्यात गुंग होता.

मी घरात सराव सुरू केला. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, बॉल खेळायला बंदी, तशी पाटीच होती. म्हणून हॉलमध्ये. मुलगी सोफ्यावर उभी राहून मोज्यांचे गोळे फेकायची आणि मी दोन डायनिंगच्या खुर्च्यांना वळसा घालून, वळता वळता झेलायचे. ती अंपायरपेक्षा कडक होती. “आई, आय हर्ड साउंड! डझन्ट काउंट लाह!” मोज्यांचा कसला आवाज येतो? पण कडक हातांनी घेतलं तर येतो, खरंच येतो. मोज्यांनंतर कांदे, कांद्यांनंतर तिची पाण्याची बाटली. खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन विचारून गेले, की घरात नवं फर्निचर आलं का.

आणि रविवारी मी पळायचे. डाव सुरू झाला की सरळ पुढे, झाडाच्या रेषेत आले की झटकन आत वळायचं, हाताचं शंकरपाळं करायचं आणि मागे बघायचं. माझ्यावर लक्ष ठेवायला कुणीच नसायचं. टेस्टिंगवाल्यांनीही मला लिंबूटिंबू ठरवून टाकलं होतं, त्यांच्याकडे तो शब्द नव्हता इतकंच. मी तिथे एकटी, मोकळी, वाण्याच्या दुकानासमोर पिशवी धरून उभं राहावं तशी हात पुढे करून उभी. आणि माझा नवरा बॉल कुणाला टाकायचा? ज्याच्या अंगाला दोघे चिकटलेत त्याला!

“मी मोकळी होते!” मी ओरडायचे.

“अगं, दिसली नाहीस.”

“लाल टी-शर्ट घातलाय मी! समुद्रातल्या जहाजांना दिसतेय!”

असं कितीतरी रविवार चाललं. एकदा खेळ संपल्यावर बॉल न मिळताच मी घामाघूम होऊन चटईवर बसले आणि मला एकदम रडू आलं. हसायची गोष्ट होती, मला कळत होतं. सगळं आयुष्य नीट चाललेलं, नोकरी आहे, पोर गुणी आहे, आणि ही बाई रडतेय कशासाठी, तर पपईएवढ्या बॉलसाठी. पण मला तो हवा होता. एकदाच. कुणीतरी माझ्याकडे बघून, ही घेईल असं समजून टाकलेला.

नवरा पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसला. “तुला लागेल गं,” तो म्हणाला. “बॉल जोरात येतो.”

मग मात्र माझं टाळकं सटकलं. “लागेल? तुझ्या आईचे टोमणे झेलले ते लागले नाहीत? तुझा आधीचा साहेब झेलला, तुझ्या मावशीचा सगळा गोतावळा दिवाळीत या एवढ्याशा फ्लॅटमध्ये झेलला, तुझं घोरणं रोज झेलते, आणि एक बॉल झेलायचा तर मला लागेल?”

तो म्हणाला, “खरं सांगू? तुझ्या हातून सुटला तर मी काय करायचं, तेच मला कळत नाही. माझ्या हातून बॉल गेला तेव्हा तू अजून हसतेयस. तुझा सुटला आणि मी हसलो, तर मला घरात राहायची सोय नाही. नाही हसलो, तर म्हणशील लिंबूटिंबू समजतोस. त्यापेक्षा न टाकलेला बरा.”

मेल्याचं म्हणणं बरोबर होतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “हस. खुशाल हस. पण टाक.”

पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्यांना घरी जायची घाई झाली होती. दोन्ही बाजू बरोबरीत, शेवटचा डाव. मी पळाले, झाडाच्या रेषेत आत वळले. मागे बघते तर नवऱ्याला तिघांनी घेरलेलं. एकाचा हात त्याच्या फितीपर्यंत पोचलेला. त्याचे नेहमीचे दोन्ही रिसीव्हर झाकलेले. मी जिवाच्या कराराने ओरडले, “अरे मेल्या, इकडे! इकडे टाक!”

त्याने माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं. आणि टाकला.

तो बॉल येताना मी त्याचं टोक बघत होते. दुसरं काहीसुद्धा दिसत नव्हतं. ना समुद्र, ना माणसं. शंकरपाळं केलं, हात थोडे मागे नेले, आणि बॉल आत येऊन बसला. आवाज आला नाही. सुरूखालून मुलगी ओरडली, “नो साउंड! आई, नो साउंड!” रेघ माझ्यापासून हाकेच्याही अलीकडे, समोर एक चिटपाखरू नाही. आता काखेत घालायचा आणि चालत जरी गेलं तरी जिंकलो.

आणि मी काय करावं? मी ‘आऊट!’ म्हणून किंचाळले आणि बॉल आभाळात उडवला.

हातातून सुटल्या क्षणी मला कळलं. पण कळून उपयोग काय? बॉल वर चाललेला आणि मी खाली, गेल्या वर्षी नवरा उभा होता अगदी तशीच, दोन्ही हात वर. तिकडून तो बुकित पंजांगवाला उंच पोरगा लांब लांब ढांगा टाकत येताना दिसला. त्याचा हात वर गेलासुद्धा. मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खेळात धरलं आणि मी हे केलं.

फाट्‌ असा आवाज आला. कडक हातांचा. डोळे उघडून बघते तर बॉल नवऱ्याच्या हातात होता. त्याने तो काखेत असा दाबला, जसा कुणी त्याचा पासपोर्टच मागतंय, आणि माझ्या अंगावरून पळत जाऊन रेघ ओलांडली. ओलांडल्यावरही सोडला नाही. टेक्सासकर मिठी मारायला आले, तरी बॉल काखेतच. हॉकर सेंटरमध्ये त्याने एका हाताने पराठा खाल्ला.

“तू तिथे आलास कसा?” मी शेवटी विचारलं. “तू तर मागे होतास.”

“बॉल टाकल्या टाकल्या पळत सुटलो,” तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला. “मला माहीत होतं तू झेलणार. आणि झेललास की उडवणार हेही माहीत होतं. ज्याला ज्याला तू हसलीस, ते ते तू केलेलंच आहेस.”

मग तो हसला. मनसोक्त, टेबलावर हात आपटून, वर्षभराचं सगळं हसून घेतलं त्याने. मुलगीही हसली, पलीकडच्या टेबलावरचे टेस्टिंगवाले हसले. मी चांगली चिडले. पण ‘मला माहीत होतं तू झेलणार’ हे शब्द मी ऐकले होते. ते मी वरच्यावर झेलले आणि कुणाला न सांगता ठेवून दिले.

त्यानंतरच्या रविवारी मी पट्टा बांधून माझ्या टोकाला जाऊन उभी राहिले. नेहमीसारखी एकटी. तेवढ्यात समोरून तो उंच पोरगा चालत आला आणि माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला. जरा ओशाळलेलाच होता. “सॉरी आंटी,” तो म्हणाला, “बॉस से, टुडे आय मस्ट मार्क यू.”

मी त्याला दोनदा विचारलं, फक्त मलाच का? दुसऱ्या कुणाला नाही ना? तो म्हणाला, ओन्ली यू, आंटी. सबंध सकाळभर तो मला चिकटून होता. मी आत वळले की तो आत, मी थांबले की तो थांबला. मला एकही बॉल मिळाला नाही. घरी जाताना लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आजी भेटल्या. मी नवऱ्याचा हात धरून हसत होते. त्यांना वाटलं, आमचं एकदाचं मिटलं.